सरळ सरकणारा हात
१२. मूळ तबकडी कोरताना कोरणारी सुई कडेकडून केंद्राकडे सरळ रेषेत सरकते. नेहमीच्या रेकॉर्ड प्लेअरचा हात मात्र एका टोकाशी खिळलेला, कमानीत फिरणारा. त्यामुळे सुई खाचेच्या नेमक्या स्पर्शरेषेत येते ती फार तर दोन जागी. आतल्या वळणांत ही चूक जास्त जाचते: एल.पी.च्या शेवटच्या गाण्यात ‘स’ फाटल्यासारखा ऐकू येतो. शिवाय हात आत ओढला जातो, ती ओढ स्प्रिंगने किंवा वजनाने तोलावी लागते. डेन्मार्कच्या ‘बँग अँड ओलुफसेन’च्या बिओग्राम ४००० मध्ये (१९७२) मोटर अख्खा हातच सरळ सरकवते, दोन्ही दोष जवळपास जातात, पण यंत्रणा नाजूक आणि दुरुस्ती अवघड. नीट जुळवलेला फिरता हात आम्हाला त्याहून उणा वाटत नाही. – संपा.