लाइट आली आणि पंप आपोआप सुरू झाला

आजच्या भागाला थोडा ग्रीसचा वास येणार आहे, आधीच सांगतो. आत्ता मी एसीत बसून कोड लिहितो, पण बीटेक झाल्यावर पहिलं दीड वर्ष मी एका छोट्या कारखान्यात कंट्रोल पॅनेल बनवत होतो. तिथे माझ्या प्रोग्रॅममुळे एका माणसाचा हात जाता जाता वाचला. ती गोष्ट सांगायचीच आहे, पण त्याआधी थोडं मागे जाऊ. पार ३०० वर्षं मागे.

पाण्याचा पंप आपोआप चालवायची खटपट फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये १७१२ साली थॉमस न्यूकोमेनने डडलीजवळच्या कोळशाच्या खाणीतलं पाणी उपसायला वाफेचं इंजिन लावलं. प्रत्येक फेरीला वाफेचा आणि पाण्याचा कॉक उघडायचा, बंद करायचा. गोष्ट अशी सांगतात की हे काम करणारा हम्फ्री पॉटर नावाचा पोरगा कंटाळला आणि त्याने दोऱ्या बांधून इंजिनाकडूनच कॉक फिरवून घेतले. ही गोष्ट छापली गेली ती १७४४ साली, म्हणजे तीसेक वर्षांनी. त्यामुळे इतिहासकार तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. मला मात्र पोरगा आवडतो. आळशी माणूसच ऑटोमेशन करतो, हे आपल्या धंद्यात कोण नाकारेल?

मला जास्त भुरळ घातली ती विल्यम आर्मस्ट्राँगने. हा मूळचा वकील, नंतर इंजिनिअर झाला. बंदरातल्या क्रेन तो पाण्याच्या दाबावर चालवायचा. दाब मिळवायला उंच टाकी लागते, पण हंबर नदीकाठच्या न्यू हॉलंडला जमीन भुसभुशीत होती, टाकीचा बुरूज कुठे उभा करणार? मग त्याने १८५०च्या आसपास एक उभा सिलिंडर घेतला, त्यात दट्ट्या बसवला आणि दट्ट्यावर प्रचंड वजन ठेवलं. पंप पाणी आत ढकलतो, वजन वर चढतं, पाणी कायम दाबाखाली राहतं. दाब किती, तर ६०० पीएसआय. म्हणजे साधारण ४१ बार.

आता गंमत बघा. वजन वर टोकाला पोचलं की पंपाच्या इंजिनाची वाफ बंद होते. क्रेनने पाणी वापरलं, वजन खाली आलं, की वाफ परत सुरू. लिव्हर आणि साखळी, बाकी काही नाही. आज आपण प्रेशर स्विच लावून जे करतो तेच हे. लंडनमध्ये तर अशा दाबाच्या पाण्याचं जाळंच रस्त्यांखालून होतं, लिफ्टला, क्रेनला नळासारखं कनेक्शन मिळायचं. ते १९७७ पर्यंत चालू होतं! १८९४ चा टॉवर ब्रिजसुद्धा सुरुवातीला असाच पाण्याच्या दाबावर उघडायचा.

पुढे वीज आली, वाफेच्या जागी मोटर आली, साखळीच्या जागी रिले. रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच. असे शेकडो रिले एका कपाटात, आणि त्यांच्यामध्ये वायरींचं जंगल. अमेरिकेत जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक विभाग गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवायचा. मॉडेल बदललं की कपाटं नव्याने वायरिंग करायची, नाहीतर भंगारात. वैतागून त्यांनी १९६८ साली रिलेऐवजी काहीतरी वेगळं द्या म्हणून मागणी काढली. त्याच वर्षी १ जानेवारीला डिक मॉर्ली नावाच्या इंजिनिअरने अशाच यंत्राची कल्पना कागदावर उतरवली होती. त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्स कंपनीचा तो ८४वा प्रकल्प, म्हणून यंत्राचं नाव ०८४. कंपनी निघाली मोडिकॉन. धूळ आत जाऊ नये म्हणून त्याला पंखासुद्धा ठेवला नव्हता. हाच आपला पीएलसी.

आणि भाषा? कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला कळावी म्हणून रिलेच्या वायरिंगचं चित्रच स्क्रीनवर आणलं. त्याला लॅडर म्हणतात, कारण दिसतं शिडीसारखं. माझी चूक नेमकी या शिडीवर झाली.

आमच्याकडे केमिकलच्या टाक्या आतून धुवायचा पंप आला होता. तीन प्लंजर, २०० बार. गाडीच्या टायरमध्ये २ बारच्या आसपास हवा असते, आता अंदाज करा. असा फवारा जवळून हातावर आला तर पाणी कातडी फोडून आत शिरतं. शिवाय प्लंजर पंपाचा स्वभाव असा, की मोटर फिरतेय तोवर तो पाणी ढकलणारच. पुढे वाट बंद असेल तर काहीतरी फुटणार. म्हणून अनलोडर व्हॉल्व्ह असतो, पाणी परत टाकीत सोडणारा. माझा क्रम असा होता: आधी अनलोडर उघडा, मोटर ६ सेकंद स्टारमध्ये, मग डेल्टा, आणि मगच लोड. टाकीत पाणी कमी झालं तर बंद. सगळं झकास.

फक्त 'पंप चालू' हा बिट मी रिटेन्टिव्ह मेमरीत ठेवला. का? कोडिंगमध्ये स्टेट जपणं ही चांगली सवय ना! पंप किती तास चालला याचा आकडा तिथे होता, त्याच्याच शेजारी हाही बिट ढकलला.

एका दुपारी लाइट गेली. पंप थांबला. हेल्परने लान्स खाली ठेवली आणि नोझल बदलायला घेतलं. लाइट आली. पीएलसी जागा झाला, बिट बघितला, 'चालू' होता, मोटर सुरू! स्टारचा आवाज ऐकून त्याने पान्यासकट सगळं टाकलं आणि पळाला. सहा सेकंदांनी लान्स सापासारखी जमिनीवर आपटायला लागली, एक ट्यूबलाइट फुटली. आमच्या जुन्या इलेक्ट्रिशियन काकांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. मी तसाच लॅपटॉप धरून उभा.

ते ६ सेकंद मी मोटरसाठी ठेवले होते, माणसासाठी नाही.

काकांनी मला जुना स्टार्टर उघडून दाखवला. हिरवं बटण दाबलं की कॉन्टॅक्टर ओढला जातो आणि स्वतःच्याच एका कॉन्टॅक्टवर स्वतःला धरून ठेवतो. याला होल्डिंग म्हणतात. लाइट गेली की होल्डिंग सुटतं. लाइट आली तरी कुणीतरी येऊन बटण दाबेपर्यंत तो मेलेलाच. काका म्हणाले, "रिलेला हे शिकवावं लागत नव्हतं रे." मॉर्लीच्या मंडळींनी शिडीचं चित्र तेच ठेवलं, पण आत स्प्रिंग नव्हती. लक्षात काय ठेवायचं आणि काय विसरायचं, हे आता लिहिणाऱ्याने ठरवायचं होतं, आणि मी चुकीचं ठरवलं होतं.

त्याच संध्याकाळी मी पहिल्याच स्कॅनला बिट पुसायची ओळ टाकली. काकांनी इमर्जन्सी स्टॉप थेट कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वायरीत घातला, माझ्या प्रोग्रॅमला न विचारता. दोन दिवसांनी हेल्पर आला आणि म्हणाला, "दादा, ते सहाचे दहा करा ना." मोटरला इतका वेळ स्टारमध्ये ठेवणं बरं नाही, हे मी त्याला समजावायला लागलो, मग गप्प झालो. स्टार तसाच ठेवला. त्याआधी १० सेकंद वाजेल असा भोंगा लावला.