इत्सुकुशिमा : एका देवीची दोन नावे

हिरोशिमानजीकच्या किनाऱ्यावरून नावेत बसले की दहा मिनिटांत इत्सुकुशिमा बेट येते. भरतीची वेळ असेल तर समुद्रात उभे असलेले सिंदुरी महाद्वार प्रथम दिसते. कापूरवृक्षाच्या खांबांचे हे सुमारे १६ मीटर उंचीचे द्वार १८७५ सालचे आहे. अशा द्वारास जपानीत 'तोरी' म्हणतात. मराठी वाचकास येथे 'तोरण' आठवणारच. परंतु ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे, आणि 'पक्ष्यांचा अड्डा' असा त्या शब्दाचा विग्रह जपानी भाषेतच होऊ शकतो, हे ध्यानी ठेवलेले बरे.

देवस्थानाची स्थापना परंपरेने इ. स. ५९३ मध्ये मानली जाते. पाण्यावर पसरलेल्या आजच्या रचनेचे श्रेय मात्र ताइरा नो कियोमोरी या सामंताकडे जाते. हे बांधकाम ११६८ च्या सुमाराचे. येथे तीन सागरदेवता पूजिल्या जातात. त्यांपैकी इचिकिशिमाहिमे हिच्या नावात बेटाचेच नाव आहे. त्याच्या मुळाशी 'शुचिर्भूत होऊन देवसेवा करणे' या अर्थाचा धातू मानतात.

या देवीचे दुसरे नाव बेन्झायतेन, म्हणजे आपली सरस्वती. सुवर्णप्रभाससूत्राच्या चिनी भाषांतरातून ती जपानात पोहोचली. 'बेन' म्हणजे वाक्पटुता, 'झाय' म्हणजे प्रतिभा, 'तेन' म्हणजे देवता. पुढे 'झाय' या अक्षराच्या जागी त्याच उच्चाराचे 'धन' या अर्थाचे अक्षर लिहिले जाऊ लागले, आणि वाग्देवी लक्ष्मीच्या कामास लागली! एका लिपिचिन्हाने देवतेचे कार्य बदलावे, याहून बोलके उदाहरण अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासकास क्वचितच मिळेल.

कियोमोरीने ११६४ मध्ये या देवस्थानास ३३ गुंडाळ्यांचा ग्रंथसंच अर्पण केला. त्यात सद्धर्मपुंडरीकसूत्राचे २८ अध्याय, अन्य चार सूत्रे आणि त्याचे स्वतःचे प्रार्थनापत्र आहे. शिंतो देवतेपुढे बौद्ध सूत्रे ठेवण्यात त्या काळी कोणासही विसंगती वाटली नाही. त्या देवतांकडे बुद्ध-बोधिसत्त्वांची रूपे म्हणूनच पाहिले जात असे.

ही विसंगती १८६८ मध्ये शासनाने निर्माण केली. मेइजी राजवटीने शिंतो आणि बौद्ध उपासना विभक्त करण्याच्या आज्ञा काढल्या. बेन्झायतेनची अष्टभुजा मूर्ती शेजारच्या दाइगान्-जी या बौद्ध मंदिरात गेली. १४०७ सालच्या पाच मजली स्तूपातील मूर्तीही तेथेच नेण्यात आल्या. रिकामा स्तूप देवस्थानाकडे राहिला. आज अनेक प्रवासी इत्सुकुशिमाचे वर्णन 'विशुद्ध शिंतो वास्तू' म्हणून करतात. ते ज्या विशुद्धतेचे कौतुक करतात, तिचे वय १८६८ पासून मोजावे लागते, हे त्यांच्या गावीही नसते.

दर्शन आटोपून बाहेर पडले की दाइगान्-जी समोरच लागते. तेथील सरस्वतीच्या मूर्तीचे दर्शन वर्षातून एकदाच, १७ जून रोजी, घडते. एरवी दार बंद असते.