नदीचे मूळ, माशाचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेतील आयडाहो राज्यात, रेडफिश सरोवराच्या काठी, कूळ शोधणे कायद्यानेच भाग पाडले. ते अर्थातच ऋषीचे नव्हते, सॉकाय जातीच्या सामन माशाचे होते.

सामन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि विणीसाठी जन्मस्थळी परततो. रेडफिश सरोवर पॅसिफिकपासून सुमारे १४५० किलोमीटर आत, जवळजवळ २००० मीटर उंचीवर आहे. परतण्याच्या या हट्टामुळे एका नदीचा सामन दुसऱ्या नदीच्या सामनापासून पिढ्यान्‌पिढ्या अलग पडत जातो. रिकर यांनी १९७२ साली या विचाराची विस्तृत मांडणी केली. परंतु डोळ्यांना मासे सारखेच दिसतात, त्याचे काय?

ऑलिव्हर स्मिथीज यांनी १९५५ मध्ये स्टार्चच्या थरातून विजेच्या प्रवाहाने प्रथिने वेगळी करण्याची रीत दिली. एकाच प्रथिनाची दोन रूपे निरनिराळ्या जागी थांबली, तर मागच्या जनुकांतही भेद असावा, हे त्यातले अनुमान. सिएटलच्या फ्रेड अटर यांनी साठच्या दशकापासून ही रीत सामनाच्या अभ्यासात रुजवली. येथे एकट्या माशाची खूण फारसे बोलत नाही. समूहात ती किती जणांत आढळते, हे प्रमाण बोलते. दफ्तरखान्यात बसलेल्यास हे सांगायला नको. एका कागदावर कोण विसंबतो? रुमाल सोडून पाहावे लागतात.

रेडफिशच्या सॉकायची वंशावळ १९१० मध्ये वादात सापडली. एका खाणीसाठी सॅमन नदीवर सनबीम धरण उभे राहिले. ते १९३४ मध्ये अंशतः फोडेपर्यंत माशांची वाट बव्हंशी अडली. मग नंतर परतलेले सॉकाय कोणाचे वंशज? मूळ वंशाचे, की समुद्रात न जाता सरोवरातच राहणाऱ्या ‘कोकनी’ या भावकीचे? (आपल्या कोकणाशी या नावाचा संबंध नाही.) धरणाच्या इतिहासावरून निवाडा होईना. आणि मूळ वंश संपला असेल, तर संरक्षण तरी कशाचे करायचे?

शोशोन-बॅनक या आदिवासी जमातींनी १९९० मध्ये अर्ज केला. रॉबिन वेपल्स यांनी १९९१ मध्ये निकष मांडला: समूह प्रजननदृष्ट्या बराच अलग हवा आणि उत्क्रांतीच्या वारशाचा महत्त्वाचा भाग हवा. निर्णायक जनुकीय पुरावा हाती नसताना, मूळ वंश संपल्याचे सिद्ध होत नाही म्हणून, त्याच वर्षी सॉकायला संकटग्रस्त ठरवले गेले. नंतर आलेल्या पुराव्यापेक्षा हा निर्णय मला अधिक मोलाचा वाटतो. पुराव्याची वाट पाहत बसले असते, तर पुरावा देणारेच उरले नसते. १९९२ मध्ये समुद्रातून सरोवरापर्यंत एकच मासा पोहोचला. नर!

पुढे सरोवराच्या काठालगत वीण करणारे काही सॉकाय सापडले. समुद्रातून परतणाऱ्यांच्या खुणा त्यांच्याशी जुळल्या. फिशहुक ओढ्यात विणणाऱ्या कोकनींशी जुळल्या नाहीत. कूळ वेगळे होते.

१९९१ ते १९९८ या काळात समुद्रातून अवघे १६ प्रौढ परतले. ते सर्व पैदास केंद्रात ठेवून त्यांची संतती वाढवण्यात आली. पुढे तेथे मायक्रोसॅटेलाइट या डीएनए-खुणा तपासून जोड्या जुळवल्या जाऊ लागल्या, सगोत्र टाळून.