परतीचे वजन : लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेच्या इतिहासातील एक जुना प्रश्न

लठ्ठपणा कमी करण्यासाठी जठरावर किंवा आतड्यांवर जी शस्त्रक्रिया केली जाते तिला वैद्यकात 'बॅरिएट्रिक शस्त्रक्रिया' असे म्हणतात. 'भार' या अर्थाच्या 'बारोस' या ग्रीक शब्दावरून हे नाव आले आहे. या शास्त्राचा इतिहास सहसा एकामागून एक आलेल्या नव्या पद्धतींचा इतिहास म्हणून सांगितला जातो, परंतु त्यातील बऱ्याच पद्धती ज्या कारणाने बदलल्या किंवा टाकून दिल्या गेल्या त्या कारणाकडे, म्हणजे उतरलेले वजन काही वर्षांनी पुन्हा चढण्याकडे, तितके लक्ष दिले जात नाही. दवाखान्यात ज्याला आज 'वेट रिगेन' म्हणतात तो प्रश्न या शास्त्राइतकाच जुना आहे, आणि त्याचा दोष कोणाच्या माथी मारायचा याचे उत्तर प्रत्येक पिढीने वेगळे दिले आहे.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांनी लहान आतड्याच्या निरनिराळ्या भागांचे पोषणातील महत्त्व तपासणारे प्रयोग 1954 मध्ये प्रसिद्ध केले, आणि आतड्याचा मोठा भाग वगळून अन्नाला जवळची वाट काढून देण्याची कल्पना तेथून रुजली. लॉस एंजेलिसमधील पेन आणि डेविंड यांनी त्या दशकाच्या उत्तरार्धात लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग थेट मोठ्या आतड्याला जोडून पाहिला. वजन इच्छित पातळीवर आले की दुसरी शस्त्रक्रिया करून आतडे पूर्ववत जोडायचे आणि पुढे रुग्ण त्याच वजनावर राहील, अशी त्यांची योजना होती. वजन झपाट्याने उतरले, पण जुलाब आणि शरीरातील क्षारांचा बिघाड इतका तीव्र झाला की ही जोडणी फार काळ ठेवणे शक्य नव्हते. आणि आतडे पुन्हा जोडल्यावर, 1963 च्या त्यांच्या अहवालातून दिसते त्याप्रमाणे, गेलेले वजन परत आले. पुढच्या सहा दशकांत जे पुन्हा पुन्हा शिकावे लागले ते या पहिल्याच प्रयोगाने दाखवून दिले होते : शस्त्रक्रियेचा परिणाम ती शरीरात कायम असेपर्यंतच टिकतो, आणि उतरलेल्या वजनाला शरीर आपले नेहमीचे वजन मानत नाही.

त्यानंतर याच दोघांनी रूढ केलेल्या कायमस्वरूपी पद्धतीत लहान आतड्याच्या आरंभीचे 14 इंच शेवटच्या 4 इंचांना जोडले जात, म्हणजे सुमारे 20 फुटांच्या आतड्यापैकी जेमतेम दीड फूट अन्नाच्या वाटेवर उरे. येथेही शरीर स्वस्थ बसले नाही. उरलेले आतडे रुंदावले, त्याच्या आतील अन्नरस शोषणारे बारीक उंचवटे लांबले आणि दीड फुटातून पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक पोषण शोषले जाऊ लागले, त्यामुळे वजन उतरायचे थांबले. मूतखडे, सांधेदुखी आणि प्रसंगी यकृत निकामी होणे या दुष्परिणामांमुळे ही पद्धत अखेर मागे पडली.

आयोवा विद्यापीठातील शल्यचिकित्सक एडवर्ड मेसन यांनी वेगळा मार्ग धरला. अल्सरसाठी जठराचा काही भाग काढलेल्या रुग्णांचे वजन पुढे सहजी वाढत नाही या निरीक्षणावरून त्यांनी 1966 मध्ये जठराचा बराचसा भाग अन्नाच्या वाटेतून वगळणारी शस्त्रक्रिया केली आणि चिकाशी इतो यांच्यासह 1967 मध्ये ती प्रसिद्ध केली. आजच्या 'गॅस्ट्रिक बायपास'चा उगम तो. हे काम सोपे व्हावे म्हणून 1977 मध्ये जॉन ऑल्डेन यांनी जठर कापून वेगळे न करता केवळ स्टेपलच्या ओळीने विभागण्याची पद्धत आणली, पण ती ओळ काही रुग्णांत कालांतराने उसवे, अन्न जुन्या वाटेने मोठ्या जठरात जाऊ लागे आणि वजन चढे. त्यामुळे पुढे शल्यचिकित्सक जठराचे दोन्ही भाग पुन्हा कापून वेगळे करू लागले.

मेसन यांनीच 1980 च्या सुमारास मांडलेली दुसरी शस्त्रक्रिया जवळून पाहण्याजोगी आहे. तिच्यात जठराच्या वरच्या टोकाशी उभ्या स्टेपल-ओळीने एक चिमुकली पिशवी तयार केली जाई आणि तिच्या तोंडाभोवती 5 सेंटिमीटर घेराची जाळीची कंठी बसवली जाई, जेणेकरून ते तोंड सैल पडू नये. पिशवीत चार-सहा घासच मावत. पोळी किंवा मांसाचा तुकडा नीट चावला नाही तर तो कंठीशी अडके, छातीत दाटून येई आणि उलटी होई. आइस्क्रीम, मिल्कशेक, चॉकलेट मात्र वितळून त्याच तोंडातून विनासायास खाली उतरे. अशा स्थितीत रुग्ण हळूहळू मऊ आणि गोड पदार्थांकडे वळले तर नवल नाही. व्हर्जिनियातील शुगरमन आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक चाचणीत, गोड खाणाऱ्या रुग्णांचे वजन या पद्धतीने फारसे उतरत नाही आणि त्यांना बायपास अधिक लागू पडते, असे आढळले. निष्कर्ष उपयुक्त होता, पण त्यातून 'गोडखाऊ' हे जणू रुग्णाच्या स्वभावाचे वर्णन होऊन बसले. जी शस्त्रक्रिया भाकरीला अडवते आणि साखरेला वाट देते ती स्वतःच ही सवय लावू शकते, हा विचार त्या मानाने दुबळा राहिला. परतलेल्या वजनाचा दोष रुग्णाच्या निग्रहावर ढकलण्याची रीत येथे घट्ट झाली, आणि ती अन्यायाची होती.

हा प्रश्न व्यक्तीच्या निग्रहाचा नाही हे मोठ्या संख्येने दाखवले ते स्वीडनने. लार्स श्योस्ट्रोम यांच्या नेतृत्वाखाली 1987 मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या 2010 आणि न झालेल्या 2037 लठ्ठ व्यक्तींचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला. 2007 च्या अहवालानुसार पहिल्या एक-दोन वर्षांत बायपासनंतर मूळ वजनाच्या सरासरी 32 टक्के, मेसन यांच्या कंठीच्या पद्धतीनंतर 25 टक्के आणि जठराभोवती पट्टी बसवल्यानंतर 20 टक्के वजन उतरले. दहाव्या वर्षी हे आकडे अनुक्रमे 25, 16 आणि 14 वर स्थिरावले. तिन्ही गटांत, तिन्ही पद्धतींनंतर आलेख एकाच रीतीने खाली जाऊन थोडा वर वळला. तरीही शस्त्रक्रिया झालेल्यांमधील मृत्यूंचे प्रमाण कमी राहिले, ही त्या अहवालातील दुसरी आणि अधिक महत्त्वाची बाब होय. अमेरिकेतील यूटा येथे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही बायपासनंतर दोन वर्षांनी सरासरी 45 किलो, सहा वर्षांनी 36.3 किलो आणि बारा वर्षांनी 35 किलो घट दिसली. म्हणजे काही किलो परततात, बहुतेक परतत नाहीत, आणि परतणे मुख्यतः दुसऱ्या ते सहाव्या वर्षांदरम्यान घडते.

असे का होते याचे उत्तर शल्यगृहाबाहेर सापडले. न्यूयॉर्कमधील लीबेल, रोझेनबाउम आणि हिर्श यांनी 1995 मध्ये दाखवले की वजन दहा टक्क्यांनी घटलेले शरीर, घटलेल्या आकारमानाच्या हिशेबाने जितकी ऊर्जा खर्च करायला हवी, त्याहूनही कमी खर्च करते. जपानमधील कोजिमा आणि कांगावा यांनी 1999 मध्ये जठरात तयार होणारे आणि भूक चेतवणारे 'घ्रेलिन' हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून निरोप नेणारे द्रव्य, शोधले. 2002 मध्ये कमिंग्ज आणि सहकाऱ्यांना ते आहाराने वजन घटवलेल्यांत वाढलेले आणि बायपास झालेल्यांत पुष्कळ कमी आढळले. शस्त्रक्रिया म्हणजे केवळ पिशवी लहान करणे नव्हे, तर भुकेच्या निरोपांत हस्तक्षेप करणे होय, हे यातून कळले. त्याबरोबर शरीर गेलेले वजन परत मिळवू पाहते हेही कळले.

इतके होऊनही 'वजन परत चढणे' म्हणजे नेमके किती, यावर एकमत नव्हते. न्यूझीलंडमधील एका गटाने स्लीव्ह शस्त्रक्रिया, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी करणे, झालेल्या रुग्णांना प्रचलित सहा व्याख्या लावून पाहिल्या. त्याच रुग्णांत परतवाढीचे प्रमाण व्याख्येनुसार 9 टक्क्यांपासून 91 टक्क्यांपर्यंत निघाले. असा मोजदंड हाती घेऊन रुग्णाला 'अयशस्वी' ठरवणे किती पोकळ होते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

उपायांचाही रोख बदलला. पूर्वी पुन्हा पोट उघडणे हाच मुख्य मार्ग होता, आणि दुसऱ्यांदा केलेली शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अधिक धोक्याची असते. आता तोंडावाटे दुर्बीण घालून सैल पडलेली जोडणी टाके घालून आवळता येते, आणि औषधांनीही वजन रोखता येते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर अपेक्षित वजन न घटलेल्या 70 रुग्णांपैकी लिराग्लुटाइडचे इंजेक्शन घेणाऱ्यांचे वजन 24 आठवड्यांत सरासरी सुमारे 9 टक्क्यांनी उतरले, तर केवळ दिखाऊ औषध मिळालेल्यांचे जवळजवळ तेवढेच राहिले.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनामुळे येतो. 2004 मध्ये त्यांनी स्वतःची आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांची तुलना प्रसिद्ध केली : उंचीच्या प्रमाणात वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही 22.3, पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के तर याज्ञिकांची 21.2 टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय देहातही चरबी अधिक असते या जाणिवेमुळेच आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेचा उंबरठा खाली आला, आणि 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात त्यांच्या लठ्ठपणाची सीमा बीएमआय 25 वर ठेवली गेली. म्हणूनच परतलेल्या पाच-सात किलोंकडे येथे अधिक गांभीर्याने पाहायला हवे, विशेषतः मधुमेह असल्यास.

या शस्त्रक्रियेच्या जागतिक महासंघाने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एकमताच्या निवेदनात शस्त्रक्रियेने घटलेल्या वजनापैकी 30 टक्क्यांहून अधिक परत आले तर त्याला 'वजनाची पुनरावर्ती वाढ' म्हटले आहे. 'अपयश' हा शब्द त्या व्याख्येत नाही. 120 किलोंवरून 80 वर आलेल्या माणसासाठी ही रेषा 92 किलोंवर पडते. ती रेषा येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. काटा 84 किंवा 85 दाखवू लागताच त्या माणसाने कोणताही संकोच न बाळगता आपल्या डॉक्टरांकडे परत जावे, आणि डॉक्टरांनी त्याला 'काय खाल्लेत' असे विचारण्याआधी बसायला खुर्ची द्यावी.