उंबरखिंड, तान्हाजी आणि 'मेटल गिअर रायझिंग': लपून जिंकलेल्या लढाईचा ॲक्शन स्पिन-ऑफ

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. बोलताना झालेले 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' शक्य तेवढे काढलेत, सगळे निघाले नसतील.

आजचा विषय थोडा विचित्र आहे. एक जपानी व्हिडिओ गेम आणि लोणावळ्याच्या खाली असलेली एक खिंड. दोघांचा संबंध काय, असं वाटेल. थोडा धीर धरा.

मी अकरावीत असताना, २०१४ मध्ये, 'मेटल गिअर रायझिंग: रिव्हेंजन्स' हा गेम पीसीवर आला. कन्सोलवर तो वर्षभर आधीच, फेब्रुवारी २०१३ मध्ये आला होता, पण कन्सोल आमच्या तळेगावातल्या अख्ख्या ग्रुपमध्ये कुणाकडेच नव्हता. एका मित्राच्या दादाचा पीसी होता, त्यावर आम्ही पाळीपाळीनं खेळायचो. मी आधी जुने मेटल गिअर खेळलेला, त्यामुळे दहा मिनिटांत तोंड वाकडं केलं. "हा मेटल गिअरच नाहीये!" मित्र म्हणाला, "नसूदे ना. मजा येतीये की नाही ते सांग." मजा तर येत होती. पण ते मी कबूल केलं नाही.

हाच वाद तेव्हा जगभरातल्या चाहत्यांमध्ये चालू होता. तो कळायला थोडं मागं जावं लागेल.

पहिला 'मेटल गिअर' १९८७ मध्ये आला, एमएसएक्स-२ नावाच्या घरगुती कॉम्प्युटरवर. कोनामी कंपनीनं तरुण हिदेओ कोजिमाला लढाईचा गेम बनवायला दिला होता. अडचण अशी, की त्या मशीनवर एका वेळी फारसे शत्रू आणि गोळ्या दाखवताच येत नव्हत्या. मग लढाई दाखवायची कशी? कोजिमानं प्रश्नच उलटा केला. लढायचंच नाही, लपायचं! पहारेकरी कुठं बघतोय ते पाहायचं, त्याची पाठ वळली की सटकायचं. ताकद कमी होती म्हणून हा 'स्टेल्थ' प्रकार जन्माला आला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

१९९८ च्या 'मेटल गिअर सॉलिड'नं हा प्रकार जगभर नेला. या मालिकेत मारण्यापेक्षा न मारता जाण्याला मान होता. तिसऱ्या भागात तर एक नदी आहे. तुम्ही आतापर्यंत जितके सैनिक मारले, त्यांची भुतं त्या नदीतून तुमच्या अंगावर चालत येतात. कुणालाच मारलं नसेल तर नदी जवळजवळ मोकळी.

आणि अशा मालिकेचा स्पिन-ऑफ आला तो कसा? नायक रायडन, हातात तलवार, समोर येईल त्याचे तुकडे. बटण दाबलं की वेळ मंदावतो आणि कुठून कसं कापायचं ते तुम्ही ठरवता.

चाहते दुभंगले. एका गटाची तक्रार होती की स्टेल्थ नावापुरतं उरलंय. पुठ्ठ्याचं खोकं अंगावर घेऊन लपायची जुनी गंमत होती, पण तिची गरज फारशी पडत नव्हती. गोष्ट पाच-सहा तासांत संपते, कॅमेरा ऐन वेळी भलतीकडंच बघतो, अशाही तक्रारी होत्या. त्यात रायडनवर राग जुना. २००१ च्या दुसऱ्या भागात लाडक्या स्नेकला बाजूला सारून तोच नायक झाला होता. दुसरा गट म्हणत होता, अरे, तलवारबाजीचा एवढा वेगवान गेम क्वचित मिळतो, बॉस फाइट रंगात आली की गाण्याचे शब्द सुरू होतात, अंगावर काटा येतो. दोन्ही गट खरं बोलत होते.

आता चला मावळात.

लोणावळ्याला आलात की नागफणी, म्हणजे पर्यटकांचा 'ड्यूक्स नोज', बघायला जाता ना? त्याच्या जवळ कुरवंडे गाव आहे. तिथून एक जुनी घाटवाट कोकणात उतरते. खाली रायगड जिल्ह्यात, खोपोलीजवळ चावणी गावापाशी अंबा नदीच्या काठी ती समरभूमी आहे. तीच उंबरखिंड.

१६६० पासून शाहिस्तेखान पुण्यात तळ ठोकून बसला होता. कोकणातला शिवाजी महाराजांचा मुलूख घ्यायला त्यानं कारतलबखान नावाचा सरदार पाठवला. सोबत रायबागन, म्हणजे माहूरच्या सावित्रीबाई देशमुख. स्वतः फौज बाळगणारी ही बाई पुढं महत्त्वाची ठरते. सैन्य निघालं ते साधारण आपल्या लोकलच्याच मार्गानं, तळेगाव, वडगाव, मळवली, लोणावळा. पुढं मात्र नेहमीच्या बोरघाटानं न उतरता खान कुरवंड्याकडं वळला. म्हणजे खानही आपल्या परीनं चकवाच देत होता.

फक्त चकवा कुणाला देतोय ते त्याला कळलं नव्हतं. हेरांकडून महाराजांना हालचालींची खबर मिळत होती. आणि त्यांनी काय केलं? काहीच नाही! लोहगडाच्या परिसरातून सैन्य जाऊ दिलं, घाट उतरू दिला. तोफा, घोडे, ओझ्याचे बैल, सगळं त्या अरुंद, दाट झाडीच्या खिंडीत उतरेपर्यंत एक बाण सुटला नाही. तारीख २ फेब्रुवारी १६६१. पुढची आणि मागची वाट बंद झाली आणि मग दोन्ही बाजूंच्या झाडीतून बाण, गोळ्या, दगड यायला लागले. मारणारा दिसत नाही. घोड्याला वळायला जागा नाही. उकाडा आणि पाण्याची टंचाई वेगळीच.

आकडे सांगणाऱ्यानुसार बदलतात, पण खानाची फौज मराठ्यांच्या कित्येक पट होती, हे नक्की. खुल्या मैदानात काय झालं असतं ते सांगायला नको. इथं मात्र काही तासांत सगळं संपलं. आणि संपलं कसं ते ऐका. रायबागननं खानाला स्पष्ट सांगितलं, की या वाटेनं आणण्यात तुझी चूक झाली, आता शरण जा. खानानं अभय मागितलं, महाराजांनी ते दिलं. खंडणी आणि बरोबरचं सामान सोडून फौज जिवानिशी परत गेली. महाराजांच्या सांगण्यावरून कवींद्र परमानंदानं लिहिलेल्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात हा प्रसंग सविस्तर आहे. महाराजांच्या पदरच्या कवीनंसुद्धा शत्रूची कत्तल झाली असं न सांगता शत्रूला सोडून दिलं असं सांगितलंय, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

ताकद कमी होती म्हणून लपायचं तंत्र आलं. कोजिमाचं १९८७ आणि मावळातलं १६६१. कारण एकच. 'गनिमी कावा' या शब्दातला 'गनीम' म्हणजे शत्रू. मुघल मराठ्यांना गनीम म्हणायचे. समोरच्याला आपला डाव कपट वाटला, आणि ते नाव आपण अभिमानानं मिरवतो.

आता मला सांगा, उंबरखिंड तुमच्यापैकी किती जणांना सविस्तर माहीत होती? मी मावळातला. रोज एक्स्प्रेसवेवर तो डोंगर बघत मोठा झालो. आणि मला कॉलेजात जाईपर्यंत तारखेपलीकडं काही माहीत नव्हतं. पण सिंहगड? झोपेतून उठवून विचारा.

का? माझं उत्तर असं आहे. स्टेल्थ यशस्वी झालं की दाखवायला दृश्यच उरत नाही. झाडीत तासन् तास गप्प बसलेला माणूस पोस्टरवर कसा छापणार? ॲक्शनला चेहरा लागतो, समोरासमोर लढाई लागते.

सिंहगड बघा. फेब्रुवारी १६७० ची रात्र. सभासद बखर ही १६९० च्या दशकात लिहिलेली, म्हणजे घटनेपासून फार लांबची नाही. तिच्यात घोरपड नाही. दोन मावळे कडा चढून गेले, मग बाकीचे वर गेले, असं आहे. इथपर्यंत हे शुद्ध स्टेल्थ मिशन आहे. मग गडावर कळलं. गेमच्या भाषेत सांगायचं तर 'अलर्ट' वाजला. तिथून पुढं हातघाई, तानाजी मालुसरे आणि उदयभान दोघांचा मृत्यू, गड ताब्यात. आपण जो भाग गातो, सिनेमात पाहतो, तो प्लॅन फिसकटल्यानंतरचा भाग आहे. तानाजींचं शौर्य त्यामुळे तसूभरही कमी होत नाही, उलट वाढतं. पण जे आपोआप होणार होतं ते झालं नाही, म्हणून ते शौर्य लागलं, हे आपण विसरतो. तोच सिंहगड पुढं मुघलांकडं गेला आणि १६९३ मध्ये नावजी बलकवडे आणि त्यांच्या माणसांनी पुन्हा रात्री चढून घेतला. त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

घोरपड नंतर आली, पोवाडे आले, 'गड आला पण सिंह गेला' आलं. 'सिंहगड' हे नाव तर तानाजींच्या आधीच्या कागदांतही सापडतं. म्हणजे ॲक्शन स्पिन-ऑफ आपण शेकडो वर्षं बनवतोय. ओम राऊत यांचा 'तान्हाजी: द अनसंग वॉरियर' १० जानेवारी २०२० ला आला, तो त्यातला सगळ्यात मोठा.

तो मी बाबांबरोबर पाहिला. मी शिट्ट्या मारत होतो, खोटं कशाला सांगू. 'नागिन' नावाची ती प्रचंड तोफ, व्हिलन झालेला उदयभान, स्लो मोशन, सगळं आवडलं. बाबांनी तरुणपणी सगळे घाट पायी पालथे घातलेत. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "चांगला होता. पण एवढा आवाज केला असता तर गड मिळाला असता का रे?" सहा वर्षांपूर्वी पीसीसमोर मी जे बोललो होतो, तेच!

प्रेक्षकही असेच दुभंगले. सिनेमा प्रचंड चालला, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. दुसरीकडं इतिहासाशी घेतलेल्या मोकळिकीवर टीका झाली. उदयभानाचं काम करणाऱ्या सैफ अली खाननंच एका मुलाखतीत, हा इतिहास आहे असं मला वाटत नाही, या अर्थाचं विधान केलं.

मग मी कोणाच्या बाजूनं? खूप विचार केला आणि उत्तर मला त्या गेमच्या नावात सापडलं. २००९ मध्ये तो पहिल्यांदा जाहीर झाला तेव्हा नाव होतं 'मेटल गिअर सॉलिड: रायझिंग'. कोजिमाच्या टीमला तो जमेना. मग काम प्लॅटिनमगेम्स या स्टुडिओकडं गेलं आणि २०११ च्या शेवटी नवीन नाव आलं. त्यातून 'सॉलिड' शब्द गाळला होता. म्हणजे सरळ सांगितलं, की बाबांनो, ही मूळ मालिका नाही, हे वेगळं काहीतरी आहे. ज्याला लपायचंय त्याच्यासाठी जुने भाग आहेतच. वर्षांनंतर या गेमचे मीम्स झाले, नवीन पोरं आली, आणि त्यातली काही जुन्या मालिकेकडंही वळली. आज मी म्हणतो, तो भारी गेम आहे. माझ्या मित्राचं बरोबर होतं.

इतिहासाच्या स्पिन-ऑफवर मात्र नाव बदललेलं नसतं. सुरुवातीला दोन ओळींची सूचना येते आणि आपण पॉपकॉर्न शोधत असतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बहुतेकांनी मूळ गेम खेळलेलाच नसतो. स्पिन-ऑफच त्यांच्यासाठी पहिला आणि शेवटचा भाग. मग मावळा म्हणजे ओरडत तलवार घेऊन धावणारा माणूस, एवढंच डोक्यात राहतं. वाट माहीत असलेला, पाणी कुठं आहे ते ठाऊक असलेला, आवाज न करता वाट बघणारा आणि शरण आलेल्याला जाऊ देणारा मावळा डोक्यातून निघून जातो. मला वाईट वाटतं ते याचं. सिनेमा काढला याचं नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सिनेमा बघा, शिट्ट्या मारा, पण एकदा मूळ गेमही खेळा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात आपला लोहगड आहे. लोहगडावर गर्दी वाढलीये, चांगलंय. विंचूकाट्यावर रील काढून झालं की दोन मिनिटं खालच्या मुलखाकडं नीट बघा. फौज कुठून येईल, तुम्ही कुठं लपाल, कधी गप्प बसाल, याचा विचार करा.

आणि थंडीत जमलं तर कुरवंड्याहून उंबरखिंडीत उतरा. वाटाड्या घ्या, पाणी भरपूर घ्या. कारतलबखानानं दोन्ही बाबतीत काय भोगलं ते आत्ताच ऐकलंत.

मी मागच्या जानेवारीत बाबांना घेऊन गेलो होतो. झाडीत पोचल्यावर मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आम्ही पाच मिनिटं नुसते उभे होतो. वाटेवरून ट्रेकर्सचा एक ग्रुप अगदी जवळून गेला. त्यांना आम्ही दिसलोच नाही.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.