नाशिकची वस्तीसुधारणा आणि अक्षयनीवी

(१) शहरांतील गरीब वस्त्या सार्वजनिक द्रव्यानें सुधाराव्या ही कल्पना अलीकडची असून ती इंग्रजी राजवटीबरोबर आपणांकडे आली, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज नाशिकपुरता तपासून पाहावा एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. या तपासणीस नाशिक हें स्थळ विशेष सोयीचें आहे. लोकोपयोगासाठीं व धर्मकार्यासाठीं दिलेल्या द्रव्याचे जे जुने व तपशीलवार लेख या देशांत उपलब्ध आहेत, त्यांपैकीं कांहीं या शहराच्या दक्षिणेस सुमारें पांच मैलांवर त्रिरश्मि डोंगरांत, म्हणजे पांडवलेण्यांत, कोरलेले आहेत. आणि याच शहराच्या जुन्या गांवठाणासाठीं इ. स. २०१६ मध्यें कोट्यवधि रुपयांची योजना मंजूर झाली. या दोन टोकांमध्यें सुमारें एकोणीसशें वर्षांचें अंतर आहे. तथापि द्रव्य कोणीं दिलें, तें कोणाच्या स्वाधीन केलें, मुद्दल राखलें कीं खर्चून टाकलें, आणि व्यवहार कोणासमक्ष झाला, हे चार प्रश्न दोन्ही टोकांस सारखेच लागू पडतात. त्यांच्या उत्तरांत जो फरक दिसतो तोच या लेखाचा विषय होय.

(२) पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपानाचा जांवई, दीनीकाचा पुत्र उषवदात याचे लेख आहेत. सेनार यांनीं ते ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडांत प्रसिद्ध केले असून ते वाचकांच्या परिचयाचे आहेतच. त्यांपैकीं एका लेखांत उषवदातानें भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शोर्पारग येथें चौसोपी धर्मशाळा बांधल्याचें, विहिरी व तळीं खोदविल्याचें, आणि इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर फुकट नावा ठेवून दोन्ही तीरांवर सभास्थानें व पाणपोया घातल्याचें सांगितलें आहे. नावेचा उतार देण्यास ज्याजवळ नाणें नाहीं अशा वाटसरूचा विचार या दानांत झालेला आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

आपल्या विषयास याहून महत्त्वाचा असा लेख वर्ष ४२ चा आहे. हें वर्ष शक संवताचें धरून पूर्वी त्याचा काळ इ. स. १२० मानीत, हल्लीं बऱ्याच संशोधकांचा कल नहपानास इसवी सनाच्या पहिल्या शतकांत नेण्याकडे आहे. तो वाद येथें बाजूस ठेवूं. लेखांतील व्यवहार असा: उषवदातानें लेणें संघास अर्पण करून त्यासोबत ३००० कार्षापणांची अक्षयनीवी दिली. ही रक्कम त्यानें भिक्षूंच्या हातीं दिली नाहीं, कीं राजाच्या कोठारांतही ठेवली नाहीं. गोवर्धन येथें राहणाऱ्या कोष्ट्यांच्या एका श्रेणीपाशीं २००० कार्षापण दरमहा शेंकडा एक या दरानें, व दुसऱ्या श्रेणीपाशीं १००० कार्षापण दरमहा शेंकडा पाऊण या दरानें त्यानें ठेवले. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं. केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा. पहिल्या रकमेच्या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण चीवरासाठीं मिळावयाचे. दुसऱ्या रकमेचें व्याज ज्या कामासाठीं नेमलें त्याच्या नांवाविषयीं पंडितांत मतभेद आहेत. शेवटीं हा सर्व व्यवहार निगमसभेंत ऐकविला व रिवाजाप्रमाणें फलकावर नोंदविला, असें लेखांत स्पष्ट म्हटलें आहे.

हिशेब ताडून पाहावा. २००० कार्षापणांवर दरमहा वीस, म्हणजे वर्षास २४० कार्षापण व्याज होतें. वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा दिले म्हणजेही २४० च होतात. एक कार्षापण उरत नाहीं व एक कमी पडत नाहीं. दात्यानें खर्च आधीं मोजला व त्यावरून मुद्दल ठरविलें, हें यावरून उघड होतें.

(३) त्याच लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षाचा एक लेख आहे. त्यांत शक अग्निवर्म्याची कन्या, गणपक रेभिलाची पत्नी, उपासिका विष्णुदत्ता हिनें आजारी भिक्षूंच्या औषधासाठीं द्रव्य ठेवल्याची नोंद आहे. लेख जागोजाग झिजला आहे. तरी द्रव्य ज्यांच्यापाशीं ठेवलें त्या श्रेणी ओळखतां येतात. कुलरिक म्हणजे बहुधा कुंभार, ओदयंत्रिक म्हणजे पाण्याचीं यंत्रें करणारे, आणि तिलपिषक म्हणजे तेली.

येथें अर्थाची ओढाताण करूं नये. या नीव्यांचा लाभ संघासाठीं होता; गरीब वस्त्यांच्या उद्धारासाठीं त्या दिल्या गेल्या असें म्हणतां येणार नाहीं. परंतु व्यवहाराची घडण विचारांत घेण्यासारखी आहे. नगरांतील सार्वजनिक हिताचें द्रव्य सांभाळण्यास लायक कोण, या प्रश्नाचें उत्तर गोवर्धनच्या निगमसभेनें ‘कोष्टी, कुंभार व तेली’ असें दिलें. कारागिरांस धंद्यास भांडवल मिळालें, त्याबरोबर व्याजाची जबाबदारी आली, व ती सर्वांसमक्ष नोंदली गेली. ते दयेचे विषय नव्हते. करारांतील एक पक्ष होते.

(४) मराठेशाहींत वस्ती वाढविण्याचें मुख्य साधन म्हणजे कौल. नवी पेठ वसवावयाची असली कीं सरकारांतून कौल दिला जाई. येणाऱ्या उदम्यांस व कारागिरांस कांहीं वर्षें कर व वेठ यांची माफी मिळे. शेटे-महाजनांच्या वतनाची सोय होई. आणि मुदत सरली म्हणजे पट्टी हळूहळू चढत जाई. शेतजमिनीच्या बाबतींत यासच इस्तावा म्हणत. आपल्या दफ्तरांतून असे कौल पुष्कळ आहेत, परंतु आपण ते बहुधा महसुलाचे कागद म्हणून वाचतों. वस्तुतः ते सार्वजनिक खर्चाचेही कागद आहेत. सरकारानें रोख रक्कम दिली नाहीं, तरी येणें सोडलें; आणि सोडलेलें येणें हाही खर्चच होय. कौलांत दोन्ही बाजूंचीं कलमें असत. रयतेनें घर बांधावें, धंदा चालवावा, पेठ नांदती ठेवावी. सरकारानें मुदतीपूर्वी तगादा लावूं नये. घराचा खर्च सरकार करीत नसे, पण घर टिकविणें घरवाल्याच्या फायद्याचें होईल अशी तजवीज सरकार करी.

(५) इ. स. १८१८ नंतर ही घडण बदलली. नाशिकास १८६४ मध्यें नगरपालिका आली व रस्ते, दिवे, पाणी व सफाई हीं कामें करांच्या उत्पन्नांतून होऊं लागलीं. गरीब वस्ती हा स्वतंत्र राजकीय प्रश्न बनला तो मुंबईस, १८९६ च्या प्लेगनंतर. १८९८ मध्यें तेथें सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद मार्ग काढले. परंतु आरंभींच्या वर्षांत जितकीं बिऱ्हाडें उठविलीं तितकीं वसविलीं नाहींत, हा दोष त्याच्यावर त्या काळींच ठेवला गेला. पुढें १९२० मध्यें डेव्हलपमेंट खातें निघालें. मुंबईंत येणाऱ्या कापसाच्या दर गांठीवर एक रुपया पट्टी बसवून त्यानें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें मिळून २०७ चाळी उभारल्या. गिरणीकामगारांची सोय झाली खरी. पण भाडेकरूनें खोलींत राहावें व सरकारानें डागडुजी करावी, एवढाच संबंध उरला.

याच सुमारास, १९१४ मध्यें, पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश पंडित हिंदुस्थानांत आले व अनेक शहरें पायीं हिंडून त्यांनीं अहवाल लिहिले. जुनी वस्ती सरसकट पाडून हमरस्ता काढणें म्हणजे रोग्यासकट रोग घालविणें होय. अगदीं बिघडलेलें घर तेवढें काढावें, विहीर, पार व चौक राखावे, आणि राहणाऱ्यांस तेथेंच राहूं द्यावें, असें त्यांच्या मताचें सार आहे. १९१९ पासून कांहीं वर्षें ते मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचें म्हणणें वाखाणलें पुष्कळांनीं, आचरणांत आणलें थोड्यांनीं.

(६) स्वातंत्र्योत्तर काळांत महाराष्ट्रानें १९७१ मध्यें झोपडपट्ट्यांच्या सुधारणेचा, निर्मूलनाचा व पुनर्विकासाचा कायदा केला. नाशिकची महानगरपालिका १९८२ मध्यें झाली. डिसेंबर २००५ मध्यें सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण योजनेंत नाशिकची निवड झाली, व शहरी गरिबांच्या मूलभूत सेवांच्या विभागांतून चुंचाळें वगैरे ठिकाणीं घरकुलें उभीं राहिलीं. घर फुकट द्यावयाचें नाहीं, लाभार्थ्यानें किमान शेंकडा बारा, व मागासवर्गीयादि दुर्बल घटकांनीं शेंकडा दहा वाटा उचलावा, असा त्या योजनेचा नियम होता. कौलांतील दुहेरी बंधनाची अंधुक सावली या नियमांत दिसते. परंतु हा वाटा घर उभारण्याचा होता, तें राखण्याचा नव्हता. मजल्यांवर पाणी चढविणारा पंप, सामाईक जिना, मैलापाण्याची नळी, यांचा खर्च घर ताब्यांत आल्याच्या दुसऱ्या दिवशीं सुरू होतो. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाच्या हातीं किल्ली येते तेव्हां तो खर्चही त्याच्याच गळ्यांत येतो.

यानंतरची योजना स्मार्ट सिटी अभियानाची. सप्टेंबर २०१६ च्या यादींत नाशिकचें नांव आलें. प्रत्येक शहरास केंद्राकडून पांच वर्षांत ५०० कोटि रुपये, व तितकीच रक्कम राज्य व महापालिका यांनीं मिळून घालावयाची, असा आराखडा होता. नाशिकच्या प्रस्तावांत जुन्या गांवठाणाचें नूतनीकरण, गोदाकांठाची सुधारणा, आणि मखमलाबाद-हनुमानवाडी भागांत नवी नगररचना हे मुख्य विषय होते. अभियान ३१ मार्च २०२५ रोजीं संपलें. काम चालविण्यासाठीं राज्य व महापालिका यांच्या समान भागभांडवलाची एक स्वतंत्र कंपनी स्थापण्यांत आली होती. त्यांतच मार्च २०२२ मध्यें महापालिकेच्या सभागृहाची मुदत सरली व पुढें कांहीं वर्षें निवडून आलेली सभाच राहिली नाहीं. गोवर्धनच्या व्यवहारांत जी निगमसभा अखेरची साक्षीदार होती, तिची जागा या काळांत रिकामी होती, हें कोणास दोष न देतां नमूद करणें इतिहासलेखकाचें काम आहे.

(७) ज्या गांवठाणासाठीं हा खटाटोप झाला त्याची स्थिति काय आहे? गोदेच्या उजव्या तीरावर टेकांवर वसलेली ही वस्ती म्हणजे चित्रघंटा, डिंगर अळी, जोगवाडा, पठाणपुरा, कुंभारवाडा वगैरे. येथील वाडे एके काळीं सधनांचे होते. आज त्यांत पिढीजाद अल्प भाड्यानें राहणारीं कुटुंबें आहेत. भाड्यांतून वाड्याची डागडुजी निघत नाहीं म्हणून मालक ती करीत नाहीं. मालक करीत नाहीं म्हणून भाडेकरू भाडें वाढवूं देत नाहीं. वारसांच्या वांटण्यांमुळें एकाच दिंडीदरवाजास डझनावारी मालक झाले आहेत. दर पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक वाड्यांस नोटिसा लावते, आणि दर पावसाळ्यांत कोठें ना कोठें भिंत खचतेच.

याहून बिकट अवस्था जुन्या मातीच्या गढीची, जिला लोक काझीची गढीही म्हणतात. डॉ. सांकळिया व डॉ. देव यांनीं १९५०-५१ मध्यें येथें उत्खनन करून नाशिकच्या वस्तीचे प्राचीन थर उजेडांत आणले. याच गढीच्या कडेवर आज गरीब कुटुंबांचीं घरें आहेत व नदीकडील बाजूची माती वर्षानुवर्षें ढासळत आहे. पाऊस लागला कीं त्या लोकांस तात्पुरतें हलवावयाचें, पाऊस सरला कीं तीं परत यावयाचीं, असा क्रम चालला आहे. संरक्षक भिंतीची मागणी जुनी आहे. येथें पुराणवस्तूंचा कैवार घेणारा व गरिबांचा कैवार घेणारा असे दोन पक्ष कल्पून भांडण लावण्याची मुळींच गरज नाहीं. जी माती ढासळते तींत सातवाहनांचे थर आहेत आणि तिच्यावर माणसांच्या चुली आहेत. भिंत बांधली तर दोहोंचेंही रक्षण होईल. न बांधली तर दोन्ही एकाच रात्रीं नदींत जातील.

(८) वरील विवेचनावरून निष्कर्ष असा निघतो: वस्तीसाठीं सार्वजनिक द्रव्य देणें ही नाशिकास नवी गोष्ट नाहीं. नवी गोष्ट एवढीच, कीं आतां मुद्दल एकदम खर्चून टाकलें जातें व राखण्याची तजवीज मागाहून शोधली जाते. उषवदातानें आधीं वर्षाचा खर्च मोजला, मग नीवी ठरविली. आपण आधीं इमारत मोजतों. १००० कोटींच्या योजनेंतील एक दशांश जरी नीवी म्हणून राखला, व त्यावर द. सा. द. शें. सहा एवढेंच व्याज धरलें, तरी वर्षास ६ कोटि रुपये डागडुजीस कायमचे मिळतात. वस्तींतील तांबट, कुंभार, मोलकरी यांच्या संस्था त्या व्याजाच्या विनियोगास जबाबदार धराव्या व हिशेब भर सभेंत वाचावा, म्हणजे जुन्या घडणीचीं तिन्ही अंगें पुन्हां जुळतील. हें काम कारभाऱ्यांचें आहे. आपण त्यांस दाखला तेवढा देऊं शकतों.

मात्र एक काम आपल्याच वांट्यास येतें. वाडा पडतो तेव्हां त्याच्या माळ्यावरचे रुमालही पडतात. कौल, करार, गहाणखतें, वांटणीपत्रें, तीर्थोपाध्यायांच्या नांवनिशीच्या वह्या, हीं सर्व राडारोड्याच्या गाडींतून जातात. आणि कारागिरांच्या घरांतील कागद तर कोणी मागावयासही जात नाहीं, कारण तेथें कागद असतील अशी आपली कल्पनाच नसते. महापालिकेची धोकादायक घरांची यादी दरवर्षीं पावसाळ्याच्या तोंडाशीं तयार होते. तीच आपली शोधयादी समजावी. नोटीस लागलेल्या प्रत्येक घरीं मंडळाच्या एका सभासदानें मृगापूर्वी जावें, मालक व भाडेकरू दोघांसही विचारावें, कागदांची टांचणें करावीं, छायाचित्रें घ्यावीं, आणि मूळ कागद घरवाल्यांच्याच स्वाधीन ठेवून यादी या त्रैमासिकाकडे पाठवावी. गोवर्धनच्या फलकावरील नोंद लांकडाची होती, ती केव्हांच गेली. दगडावर कोरली म्हणून तिची वार्ता आपणांपर्यंत आली. गांवठाणांतील कागदांस दगडाचा आधार नाहीं. त्यांची नोंद आपणच केली पाहिजे.