प्रवरेचा ऊस आणि सोशल एंटरप्राइजचा अभ्यास

कोराडीहून बोलतोय.

'सोशल एंटरप्राइज' म्हणजे धंदा करायचा, पण समाजाच्या कामासाठी. याचा अभ्यास कधी सुरू झाला हे शोधायला गेलं की हार्वर्डचा १९९३ चा उपक्रम सापडतो, युरोपातलं १९९६ चं 'एमेस' नेटवर्क सापडतं. मुंबईच्या टिसमध्ये एमए सुरू झालं २००७ ला. गंमत अशी, की युरोपवाल्यांनी सुरुवात केली ती इटलीतल्या सामाजिक सहकारी संस्था बघून. सहकारी! म्हटलं, हे तर आपल्याकडे कधीचं चाललंय.

धनंजयराव गाडगीळ. शाळा नागपुरात, पुढे केंब्रिज, आणि १९३० पासून पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे संचालक. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला शेतकऱ्यांचा साखर कारखाना काढला, तेव्हा पहिले अध्यक्ष झाले हेच प्राध्यापक. १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झालं. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेच्या ग्रामीण कर्ज पाहणीच्या समितीवरही ते होते. १९५४ चा तो अहवाल काय सांगतो? शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के. स्वतः सहकारी कारखाना उभा करणारा माणूस, आणि सही करतोय देशातल्या सहकाराच्या अपयशावर! मला हा माणूस इथे आवडला.

मग प्रश्न उरतो, प्रवरेला जमलं ते का जमलं? बा. स. बाविस्कर या समाजशास्त्रज्ञाने कोपरगावच्या कारखान्यात राहून निवडणुका, गट-तट, सगळं तपासलं. पुस्तक आलं १९८० ला. कॅनडाचे डोनाल्ड अ‍ॅटवुड यांनी बारामतीकडे असाच अभ्यास केला. त्यांच्या मांडणीतला एक मुद्दा माझ्या डोक्यातून जात नाही. ऊस तोडला की लगेच गाळावा लागतो, नाहीतर साखर उतरते. कारखाना पूर्ण क्षमतेने चालायला मोठ्या बागायतदाराचा ऊस पुरत नाही, लहान शेतकऱ्याचाही लागतो. म्हणजे मोठ्याला लहान्याची गरज आहे, आणि म्हणून भावात त्याला फसवणं परवडत नाही.

आता आमच्या विदर्भात या. सहकारी साखर कारखाने इथेही निघाले, बरेचसे बंद पडले. आमचं खरं पीक कापूस. तो महिनाभर घरात पडून राहिला तरी चालतो. मोठा शेतकरी भावाची वाट बघतो, लहान्याला उधारी फेडायची असते, तो दिवाळीआधीच विकून मोकळा होतो. दोघांना एकत्र बांधणारी घाईच नाही. हा माझा अंदाज आहे, बरं का, संशोधन नव्हे. तुमच्यापैकी कोणी टिसमध्ये किंवा आणखी कुठे हा विषय शिकत असेल, तर थिसिससाठी कापूस घ्या ना बाप्पा. आणि झाला की मला पाठवा.